किल्ली का फिरत नाही?

१४.१ प्रस्तावना

मोटार आपली असते, किल्ली आपल्याच हातात असते, टाकीत इंधनही पुरेसे असते. आणि तरीही किल्ली फिरत नाही. अशा वेळी माणूस प्रथम चकित होतो, मग चिडतो आणि शेवटी जोर लावतो. किल्ली मोडते ती बहुधा या तिसऱ्या पायरीवर.

घड्याळ बिघडले, शिवणयंत्र अडले, तर आपण ते कारागिराकडे नेतो. मोटारीचे सुरू करण्याचे कुलूप मात्र असे आहे, की ते अडले की मोटार कोठेच नेता येत नाही. म्हणून येथे कारागिरालाच मोटारीपाशी यावे लागते. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर, झाडाखाली किल्ल्यांचे जुडगे टांगून बसणारा चावीवाला तुम्ही पाहिला असेल. याच व्यवसायातील काही कारागीर आज दुचाकीवरून किंवा लहान गाडीतून आपली हत्यारे घेऊन बोलावतील तेथे जातात. प्रस्तुत पाठात आपण या फिरत्या कारागिराच्या कामाची ओळख करून घेणार आहोत. हा माहितीपर लेख आहे. तो वाचताना यंत्राची रचना तर समजेलच. शिवाय जोर लावण्याआधी कारण शोधणे हा प्रत्येक दुरुस्तीचा पाया कसा असतो, हेही ध्यानात येईल.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• मोटारीच्या कुलपाची रचना व कार्य स्वतःच्या शब्दांत सांगणे;
• एकाच तक्रारीमागील निरनिराळी कारणे क्रमाने तपासणे;
• झिजलेल्या किल्लीची नक्कल का करू नये, हे स्पष्ट करणे;
• किल्लीच्या व्यवसायातील विश्वासाचे महत्त्व पटवून देणे;
• एखाद्या कृतीचे क्रमवार वर्णन लिहिणे.

१४.३ मूळ पाठ

(अ) हँडलपासून किल्लीपर्यंत

मोटारीच्या आरंभीच्या काळात इंजिन सुरू करण्यासाठी किल्ली नव्हतीच. गाडीच्या पुढच्या बाजूस लोखंडी हँडल खोचून ते हाताने जोरात फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, की मनगट मोडण्याचे प्रसंग येत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवण्यात आला. तरीही पुढे अनेक वर्षे बहुतेक गाड्यांत किल्लीने केवळ वीजप्रवाह जोडला जाई. इंजिन फिरवण्यासाठी वेगळे बटण किंवा पायाखालची कळ दाबावी लागे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू व्हावे, ही सोय क्रायस्लर कंपनीने आपल्या १९४९ सालच्या मोटारींत आणली.

पुढे मोटारींच्या चोऱ्यांना आळा घालण्यासाठी या कुलपावर आणखी एक काम सोपवण्यात आले. किल्ली काढल्यावर स्टिअरिंगचे चाक अडकून बसावे, अशी ती योजना होती. अमेरिकेत १९७०च्या सुमारास ही रचना सर्वत्र रूढ झाली. अशा रीतीने योग्य किल्ली ओळखणे, स्टिअरिंग मोकळे करणे आणि वीज जोडणे ही तीन कामे अंगठ्याएवढ्या जाडीच्या एका कुलपावर येऊन पडली. अलीकडच्या अनेक मोटारींत किल्लीच्या जागी बटण आले आहे, हे खरे. तथापि किल्लीने सुरू होणाऱ्या मोटारी, रिक्षा व दुचाकी आजही रस्त्यांवर मोठ्या संख्येने दिसतात.

(आ) कुलपाच्या पोटात

कुलूप उघडून पाहिल्याशिवाय त्याचा हट्ट कळत नाही. म्हणून आपण आधी त्याची रचना समजून घेऊ.

प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची कुलपे वापरली जात. योग्य किल्लीने सर्व खुंट्या एकाच वेळी उचलल्या गेल्या, तरच अडसर सरकत असे. हेच तत्त्व घेऊन अमेरिकेतील धाकटे लायनस येल यांनी लहानशा चपट्या किल्लीने उघडणारे धातूचे कुलूप तयार केले व १८६१ साली त्याचे पेटंट घेतले. मोटारीचे कुलूप याच घराण्यातले. मात्र त्यात खुंट्यांऐवजी बहुधा पातळ पट्ट्या असतात.

या कुलपाचे मुख्य भाग दोन. बाहेरचे स्थिर कवच आणि आत फिरणारा दंडगोल गाभा. गाभ्याला ओळीने फटी पाडलेल्या असतात आणि प्रत्येक फटीत एकेक पातळ, बहुधा पितळेची पट्टी बसवलेली असते. प्रत्येक पट्टीला मधोमध एक चौकोनी खिडकी असते आणि तिच्या बाजूला एक इवलीशी स्प्रिंग असते. किल्ली नसताना स्प्रिंग पट्टीला बाहेर ढकलते. पट्टीचे टोक कवचातील खाचेत शिरते आणि गाभा जखडला जातो. किल्ली आत गेली, की ती सगळ्या खिडक्यांतून आरपार जाते. किल्लीचा प्रत्येक चढउतार आपापल्या पट्टीला ठरलेल्या उंचीवर आणतो. सर्व पट्ट्यांची टोके गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत आली, की गाभा मोकळा होतो. एकही पट्टी वर किंवा खाली राहिली, तरी तो फिरत नाही.

किल्लीवरील चढउतारांच्या उंची मोजक्याच असतात आणि एका उंचीत व दुसरीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. या यंत्राची सारी शिस्त अशी अर्ध्या मिलिमीटरवर उभी आहे. आता झिजेचा विचार करा. एखादी टॅक्सी दिवसातून तीस वेळा सुरू होत असेल आणि वर्षातून तीनशे दिवस धावत असेल, तर तिची किल्ली वर्षभरात नऊ हजार वेळा आत जाते आणि तितक्याच वेळा बाहेर येते. प्रत्येक वेळी धातूवर धातू घासतो. किल्लीची टोकदार शिखरे गोलावतात, पट्ट्यांच्या खिडक्यांच्या कडा झिजतात, स्प्रिंगा थकतात. त्यात मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखातली धूळ किंवा कोकणातील खारी, दमट हवा यांची भर पडते. एके दिवशी ती अर्ध्या मिलिमीटरची शिस्त मोडते आणि किल्ली फिरेनाशी होते.

पाठगत प्रश्न १

१. कुलपातील पट्ट्यांना बाहेर ढकलण्याचे काम कोण करते?
२. गाभा फिरण्यासाठी कोणती अट पूर्ण व्हावी लागते?
३. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लरच्या कोणत्या वर्षीच्या मोटारींत आली?

(इ) तक्रार एक, कारणे अनेक

“चावी लागत नाही,” एवढेच मालक सांगतो. जाणता कारागीर हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी उलट प्रश्न विचारतो : किल्ली आतच जात नाही, आत जाते पण फिरत नाही, फिरते पण इंजिन सुरू होत नाही, की फिरून झाल्यावर बाहेर येत नाही? या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळ्या दिशांना नेतात.

किल्ली आत जात नसेल, तर वाटेत काहीतरी अडले आहे. साचलेला मळ, मोडलेल्या किल्लीचा तुकडा किंवा वाकडी होऊन रुतलेली पट्टी, यांपैकी एक कारण बहुधा सापडते.

किल्ली आत जाऊन फिरत नसेल, तर कारागीर प्रथम स्टिअरिंगच्या चाकाकडे पाहतो. गाडी उभी करताना पुढची चाके वळलेली राहिली किंवा पदपथाच्या कडेला टेकली, तर स्टिअरिंगचा भार कुलपाच्या अडसरावर येतो. भाराखाली दाबलेला अडसर किल्लीला दाद देत नाही. अशा वेळी एका हाताने चाक अलगद डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली, की ती सहज फिरते. येथे काही बिघडलेलेच नसते. हे न कळल्यामुळे पक्कड लावून किल्ली पिळणारे लोक मात्र धडधाकट कुलूप बिघडवून ठेवतात.

चाक हलवूनही उपयोग झाला नाही, तर घरात ठेवलेली दुसरी किल्ली मागवावी. तिने कुलूप उघडले, तर दोष पहिल्या किल्लीचा. दोन्ही किल्ल्या हरल्या, तर दोष बहुधा आतल्या पट्ट्यांचा किंवा स्प्रिंगांचा. एवढ्या साध्या कसोटीने अर्धे निदान होते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

किल्ली फिरते पण बाहेर येत नाही, अशी तक्रार स्वयंचलित गिअरच्या गाडीत असेल, तर गिअरचा दांडा ‘पी’ या खुणेवर नीट बसला आहे का, हे पाहावे. आणि किल्ली व्यवस्थित फिरूनही इंजिन ढिम्म राहत असेल, तर कुलपाला बोल लावू नये. कुलपाच्या मागे विजेचा एक स्वतंत्र स्विच असतो. किल्ली त्याला फक्त फिरवते. दोष त्या स्विचमध्ये, बॅटरीत किंवा तारांच्या जोडणीत असू शकतो.

अडलेल्या कुलपात हाताशी असेल ते तेल सोडण्याची सवयही अशीच घातक आहे. खोबरेल तेल घातले, की दोन दिवस किल्ली मऊ फिरते. पुढे तेच तेल धूळ धरून ठेवते व तिचा चिखल करते. आणि थंडीत तापमान चोवीस अंशांच्या खाली उतरले, की खोबरेल थिजते हे आपण घरी पाहतोच. कुलपासाठी ग्राफाईटच्या भुकटीसारखे कोरडे वंगण वापरावे आणि तेही थोडेच.

(ई) झिजेची नक्कल

किल्ली झिजली, तर तशीच दुसरी करून घ्यावी, असे कोणालाही वाटेल. पण येथेच मोठी चूक होते. नक्कल करणारे यंत्र समोरच्या किल्लीच्या कडेवरून जसेच्या तसे फिरते. किल्ली दोन दशांश मिलिमीटर झिजलेली असेल, तर नवी किल्लीही तेवढीच खुजी जन्माला येते. आणि यंत्राची स्वतःची बारीकशी चूक तिच्यात आणखी मिसळते. त्या नकलेची पुन्हा नक्कल केली, की चुका साठत जातात. धातू नवा, पण झीज जुनीच.

म्हणून कुशल कारागीर किल्लीचा क्रमांक विचारतो. अनेक कंपन्या नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात एक लहानशी पट्टी देतात आणि तिच्यावर हा क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून किल्लीच्या मूळ उंची समजतात व अगदी पहिल्या दिवसासारखी किल्ली कापता येते. क्रमांक हरवला असेल, तर कारागीर झिजलेल्या किल्लीची प्रत्येक उंची मोजतो आणि ती कोणत्या ठरावीक उंचीच्या जवळची आहे, हे ठरवतो. पुसट झालेल्या शिलालेखातील अक्षर अभ्यासक जसे उरलेल्या रेषांवरून ओळखतो, तसेच हे काम आहे. किल्ली आज कशी आहे याला येथे महत्त्व नाही; ती मुळात कशी होती, हे ओळखायचे असते.

यावरून आपणही एक गोष्ट शिकावी. क्रमांकाची पट्टी जुडग्यातून काढून घरी जपून ठेवावी आणि दुसरी किल्ली कपाटात विसरून न जाता अधूनमधून वापरून पाहावी.

(उ) गाडीपाशी चालणारे काम

स्टिअरिंग जखडलेले असेल, तर पुढची चाके वळत नाहीत. अशी गाडी ओढून नेणे अवघड असते व त्यात तिचे नुकसानही होते. म्हणून फिरता कारागीर आपले छोटे दुकानच सोबत आणतो. बॅटरीवर चालणारे किल्ली कापण्याचे यंत्र, कानशी, चिमटे, भिंग, निरनिराळ्या उंचीच्या पट्ट्यांचे संच, स्प्रिंगांच्या डब्या आणि वंगण हे त्याचे भांडवल.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी गाडी सुरक्षित जागी असल्याची खात्री करून चाकाखाली ठोकळा लावतात. मग बॅटरीची तार सुटी करून काही मिनिटे थांबतात. कारण स्टिअरिंगच्या चाकात अपघातसमयी फुगणारी हवेची पिशवी असते आणि तिच्या यंत्रणेत वीज शिल्लक असताना तेथे हात घालणे धोक्याचे असते. त्यानंतर स्टिअरिंगभोवतीचे आवरण काढून कुलपाचा गाभा बाहेर घेतात. तो मोकळा करताना पट्ट्यांचा क्रम बदलू नये, म्हणून त्या काढल्या तशाच ओळीने कापडावर मांडतात. गाभा व कवच स्वच्छ केल्यावर झिजलेल्या पट्टीच्या जागी त्याच उंचीची नवी पट्टी आणि थकलेल्या स्प्रिंगेच्या जागी नवी स्प्रिंग बसवतात. कुलूप पुन्हा जोडले, की स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे व सरळ ठेवून किल्ली अनेक वेळा फिरवून पाहतात. अशी दुरुस्ती झाल्यास दरवाजांना व इंजिनाला पूर्वीप्रमाणे एकच किल्ली चालते. संपूर्ण कुलूप बदलले, तर मालकाला बहुधा दोन किल्ल्या बाळगाव्या लागतात.

या कामात एक आडवाटही आहे. अडणाऱ्या पट्ट्या काढूनच टाकल्या किंवा कानशीने घासून बोथट केल्या, तर कुलूप पाच मिनिटांत फिरू लागते. मालक खूश होतो, कारागिराचा वेळ वाचतो. पण जितक्या पट्ट्या कमी, तितके कुलूप दुबळे. उद्या त्याच गाडीत दुसऱ्या कोणाची किल्लीही फिरेल. मालकाला हे दिसत नाही. ते फक्त कारागिराला ठाऊक असते. न दिसणारे काम प्रामाणिकपणे करणे, ही त्याच्या कारागिरीची खरी परीक्षा होय.

पाठगत प्रश्न २

१. वळलेल्या चाकांमुळे किल्ली अडली असल्यास काय करावे?
२. कुलपासाठी कोणत्या प्रकारचे वंगण योग्य?
३. पट्ट्या काढून टाकल्यास कुलपावर कोणता परिणाम होतो?

(ऊ) किल्लीतील ओळखपत्र

युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना चोरी रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली आणि हळूहळू ती जगभरच्या अनेक गाड्यांत आली. या किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक चिप असते. कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. किल्ली लावली, की वेटोळे चिपला जणू ‘तू कोण?’ असे विचारते. उत्तर बरोबर आले, तरच इंजिन चालू राहते. त्यामुळे धातूची किल्ली अचूक कापली आणि कुलूप सुरळीत फिरले, तरी चिपअभावी गाडी सुरू होत नाही किंवा सुरू होऊन लगेच बंद पडते.

किल्लीचे तडकलेले प्लॅस्टिक बदलताना ही चिप जुन्या आवरणात राहून कचऱ्यात जाण्याचा संभव असतो. आज फिरत्या कारागिराला कानशीइतकाच संगणकही हाताळावा लागतो, तो याचमुळे. नवी चिप गाडीला ओळखायला लावण्याचे कामही आता त्याच्याकडेच आले आहे.

(ए) लहान भाग, मोठा अनर्थ

कुलपाच्या बिघाडाने फार तर खोळंबा होतो, असा आपला समज असतो. अमेरिकेतील एका घटनेने तो खोटा ठरवला. जनरल मोटर्स या कंपनीच्या काही मोटारींत किल्लीमागचा विजेचा स्विच प्रमाणापेक्षा सैल होता. गाडीला धक्का बसला किंवा किल्लीला जड जुडगा लटकत असला, की धावत्या गाडीत किल्ली आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग व ब्रेक जड होत आणि संरक्षक हवेची पिशवीही फुगत नसे. २०१४ साली कंपनीने या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

या प्रकरणातील एक तपशील विचार करण्यासारखा आहे. दोषी स्विचची रचना पूर्वीच बदलण्यात आली होती व २००६ साली सुधारित भाग गाड्यांत येऊ लागला होता. पण त्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का दिसतो, हे शोधणाऱ्यांना दीर्घकाळ उलगडले नाही. केलेल्या कामाची खरी नोंद न ठेवणे हे चुकीच्या कामाइतकेच घातक ठरू शकते.

किल्ली सैल वाटणे, धक्क्यासरशी सरकणे, अर्धवट फिरलेली असतानाच निघून येणे, ही लक्षणे म्हणूनच हसण्यावारी नेऊ नयेत. जड जुडगा तर किल्लीला लावूच नये.

(ऐ) विश्वासाचे भांडवल

या व्यवसायाची एक अडचण इतर व्यवसायांत नाही. कुलूप दुरुस्त करण्यासाठी जी विद्या लागते, तीच विद्या कुलूप फोडण्यासाठीही उपयोगी पडते. म्हणून गाडी कोणाची आहे, हा या कारागिराचा पहिला प्रश्न असतो आणि तो त्याने संकोच न करता विचारला पाहिजे. बोलावणाऱ्याचे ओळखपत्र आणि गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र पाहूनच त्याने कामाला हात घालावा. कागदपत्रे बंद गाडीत अडकली असतील, तर डिजिलॉकरमधील प्रत पाहता येते. अशा प्रती ग्राह्य धराव्यात, असे केंद्र सरकारने २०१८ साली राज्यांना कळवले आहे. तारीख, गाडीचा क्रमांक, केलेले काम आणि मालकाची सही यांची वही ठेवणे हिताचे असते. उद्या काही शंका उपस्थित झाली, तर तीच वही कारागिराची साक्षीदार होते.

ग्राहकानेही काही पथ्ये पाळावीत. कागदपत्रे मागितली म्हणून रागावू नये; जो काही न विचारता आपली गाडी उघडून देतो, तो दुसऱ्या कोणालाही ती उघडून देईल. काम सुरू होण्यापूर्वी अंदाजे खर्च विचारावा. काढलेल्या पट्ट्या व जुनी किल्ली परत मागून घ्यावी. कुलूप दुरुस्त होणार की बदलावे लागणार आणि का, हे समजावून घ्यावे.

मोटार दुरुस्तीचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मिळते. किल्लीच्या कामातले बारकावे मात्र आजही बरेचसे अनुभवी कारागिराजवळ बसूनच शिकले जातात. या विद्येसाठी मोठे दुकान लागत नाही. तीक्ष्ण नजर, स्थिर हात आणि मोजमापाची सवय लागते. आणि परक्याच्या मालमत्तेपाशी एकटे उभे असतानाही न ढळणारा प्रामाणिकपणा लागतो.

पाठगत प्रश्न ३

योग्य की अयोग्य ते लिहा.

१. अचूक कापलेली किल्ली असली, की चिप नसतानाही प्रत्येक गाडी सुरू होते.
२. किल्लीला जड जुडगा लावू नये.
३. गाडीची मालकी तपासणे हे कारागिराचे काम नाही.

१४.४ शब्दार्थ

जुडगा – किल्ल्यांचा झुबका
अडसर – दार किंवा यंत्र अडवणारा दांडा
दंडगोल – नळीसारखा लांबट गोल आकार
निदान – लक्षणांवरून दोष ओळखणे
वंगण – घर्षण कमी करण्यासाठी लावलेला पदार्थ
कानस – धातू घासण्याचे खरबरीत हत्यार
दाद न देणे – प्रतिसाद न देणे
बोल लावणे – दोष देणे
हसण्यावारी नेणे – गांभीर्याने न घेणे

१४.५ भाषाविचार

(१) शब्दांचा प्रवास : ‘किल्ली’ आणि ‘चावी’ हे दोन्ही शब्द मराठीत एकाच अर्थाने वापरले जातात. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. बटाटा, पाव, पगार, घमेले हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. ‘कुलूप’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. परकी शब्द रोजच्या वापराने आपले कसे होतात, याची ही उदाहरणे होत.

(२) प्रयोग : पुढील वाक्ये पाहा.
कारागीर किल्ली घासतो. (कर्तरी प्रयोग – क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते.)
कारागिराने किल्ली घासली. (कर्मणी प्रयोग – क्रियापद कर्माप्रमाणे बदलते.)
कारागिराने मालकाला बोलावले. (भावे प्रयोग – क्रियापद कर्ता किंवा कर्म यांप्रमाणे बदलत नाही.)

(३) वाक्प्रचार : तोंडाला कुलूप लावणे – गप्प राहणे, किल्ल्या हाती येणे – कारभाराचा अधिकार मिळणे. तसेच ‘गुरुकिल्ली’ म्हणजे अनेक प्रश्न सोडवणारा एकच उपाय.

(४) क्रमदर्शक शब्द : आधी, मग, त्यानंतर, शेवटी हे शब्द कृतीचा क्रम दाखवतात. उपविभाग (उ) मधील असे शब्द शोधून वहीत लिहा.

१४.६ तुम्ही काय शिकलात?

• मोटारीच्या कुलपात पट्ट्या समपातळीत आल्या, तरच गाभा फिरतो.
• किल्ली न फिरण्याची कारणे अनेक असतात. जोर न लावता ती क्रमाने तपासावीत.
• झिजलेल्या किल्लीची नक्कल करण्यापेक्षा मूळ उंचीनुसार नवी किल्ली कापणे योग्य.
• स्विचचा लहान दोषही जीवघेणा ठरू शकतो.
• मालकीची खात्री, कामाची नोंद आणि प्रामाणिकपणा हे या व्यवसायाचे आधार आहेत.

१४.७ पाठान्त प्रश्न

१. मोटारीच्या कुलपाची रचना आठ-दहा ओळींत वर्णन करा.
२. ‘धातू नवा, पण झीज जुनीच’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. भागाचा क्रमांक न बदलल्यामुळे कोणती अडचण निर्माण झाली? त्यावरून कोणता बोध मिळतो?
४. ‘न दिसणारे काम प्रामाणिकपणे करणे’ याचे तुमच्या स्वतःच्या कामातील किंवा परिसरातील एक उदाहरण लिहा.
५. तुमच्या भागातील एखाद्या कारागिराची भेट घेऊन त्याच्या कामाचे क्रमवार वर्णन पंधरा ओळींत लिहा.
६. पुढील वाक्यांतील प्रयोग ओळखा : (क) मालकाने कागदपत्रे दाखवली. (ख) टॅक्सी रोज धावते. (ग) चालकाने कारागिराला विचारले.

१४.८ उत्तरे

पाठगत प्रश्न १ : १. स्प्रिंग. २. सर्व पट्ट्यांची टोके गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत यावी लागतात. ३. १९४९.

पाठगत प्रश्न २ : १. स्टिअरिंगचे चाक अलगद दोन्ही बाजूंना हलवत किल्ली फिरवावी. २. ग्राफाईटच्या भुकटीसारखे कोरडे वंगण. ३. कुलूप दुबळे होते. दुसरी किल्लीही त्यात फिरू शकते.

पाठगत प्रश्न ३ : १. अयोग्य. २. योग्य. ३. अयोग्य.

पाठान्त प्रश्न ६ : (क) कर्मणी. (ख) कर्तरी. (ग) भावे.